भायखळ्याचा तुरुंग, प्लेगची लस आणि डॉ. हाफकिन

कांदिवलीहून स्लो लोकल पकडली, प्रभादेवीला उतरलं आणि पुलावरून परळच्या बाजूला आलं की पुढे थोड्या अंतरावर हाफकिन संस्था लागते. के.ई.एम. आणि टाटा रुग्णालयाच्या चकरा मारणाऱ्या घरांना हा रस्ता चांगलाच माहीत असतो. पोलिओचे थेंब आणि सापाच्या विषावरचं इंजेक्शन यांमुळे संस्थेचं नाव मुंबईत घरोघरी पोहोचलं आहे. मात्र हाफकिन हे एका माणसाचं नाव आहे, तो माणूस कोण होता आणि आपल्या शहराशी त्याचा काय संबंध, हे विचारलं तर मोठी माणसंसुद्धा गप्प बसतात. आम्हीही बरीच वर्षं गप्पच होतो.

आम्हाला त्यांच्या आयुष्याकडे वळवलं ते एका फजितीनं, आणि ती आमचीच आहे.

आम्ही मुलांना विज्ञान शिकवतो, उर्दूतही आणि मराठीतही. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात सातवीतल्या एका मुलानं दोन कुंड्या मांडल्या होत्या. एका कुंडीतल्या मेथीला तो तांदूळ धुतलेलं पाणी घालत होता, दुसरीला नळाचं. पहिली मेथी तरारून आली होती, दुसरी मरगळलेली. तक्ता सुंदर होता, अक्षर मोत्यासारखं, मुलगा बोलायलाही चुणचुणीत. आम्ही त्याला पहिलं बक्षीस दिलं. टाळ्या संपल्यावर सहावीतली एक मुलगी जवळ आली आणि तिनं हळूच विचारलं की, सर, दोन्ही कुंड्या एकाच जागी ठेवल्या होत्या का? मुलाला विचारलं. पहिली कुंडी खिडकीत होती. दुसरी मोरीजवळ, कारण खिडकीत दोन कुंड्या मावत नव्हत्या.

म्हणजे मेथी वाढली ती तांदळाच्या पाण्यानं की खिडकीतल्या उन्हानं? ते कुणालाच सांगता येईना. बी.एड. झालेल्या, वीस वर्षं फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला जे सुचलं नाही, ते अकरा वर्षांच्या मुलीला सुचलं. त्या रात्री आम्ही चल आणि नियंत्रित गट हा धडा पुन्हा उघडला. पुस्तकात व्याख्या होती, जीव नव्हता. हा धडा प्रत्यक्षात कुणी जगलं असेल का, हे शोधताना डॉ. वाल्डेमार हाफकिन भेटले, आणि तेही आपल्याच मुंबईत, भायखळ्याच्या तुरुंगात.

ओडेसाचा मुलगा

हाफकिन यांचा जन्म १८६० सालचा, काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा शहरात. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू व्यापाऱ्याचं. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकोव्ह हे गुरू लाभले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, हा शोध पुढे याच मेचनिकोव्ह यांच्या नावावर जमा झाला.

त्या काळी रशियात ज्यू वस्त्यांवर जमाव चालून जात, घरंदुकानं लुटली जात. तरुण हाफकिन आपल्या लोकांच्या बचावासाठी उभे राहिले आणि पकडले गेले. मेचनिकोव्ह यांनी शब्द टाकला म्हणून सुटले. डॉक्टरेट मिळाली तरी प्राध्यापकाची जागा मिळेना. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्म स्वीकारला असता तर वाट मोकळी होती. त्यांनी तो स्वीकारला नाही. आपल्या दीनाची किंमत देऊन नोकरी घ्यायची नाही, हे त्यांनी ठरवलं आणि १८८८ साली देश सोडला. आधी जिनिव्हा, मग पॅरिस. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मेचनिकोव्ह आधीच पोहोचले होते. तिथे जी जागा मोकळी होती ती ग्रंथालयातल्या सहायकाची. त्यांनी ती घेतली. दिवसा पुस्तकं, उरलेल्या वेळात प्रयोगशाळा.

तिथेच त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली. प्राण्यांवर ती चालली. माणसावर चालेल का, निदान अपाय तरी करणार नाही ना, हे पाहण्यासाठी जुलै १८९२ मध्ये त्यांनी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दंड दुखला, थोड्या दिवसांत बरे झाले.

आता इथे जरा थांबू या. स्वतःला सुई टोचून घेणं हे धाडस आहे, त्याला सलाम. पण त्यानं काय सिद्ध झालं? इतकंच की लसीनं एक माणूस मेला नाही. लस कॉलऱ्यापासून वाचवते, हे त्यातून कळत नाही. हाफकिन यांना कॉलरा झाला नाही हे खरं. पण पॅरिसमधल्या बहुतेक लोकांना तरी कुठे झाला होता? हा फरक हाफकिन यांना पक्का कळत होता. म्हणून ते कॉलरा जिथे कायमचा मुक्कामाला होता तिथे, म्हणजे हिंदुस्थानात, १८९३ साली आले.

न घेतलेल्यांचं काय झालं?

पहिल्या दोन-अडीच वर्षांत उत्तर हिंदुस्थानात त्यांनी सुमारे ४२,००० लोकांना लस दिली. आकडा मोठा आहे. पण नुसत्या या आकड्यावर हाफकिन यांचं समाधान झालं नाही. फौजेतल्या पलटणी लस घेऊन दुसऱ्या छावणीत निघून जात, मजूर गाव बदलत. त्यांचं पुढे काय झालं ते कळत नसे, आणि कुणाशी तुलना करायची तेही ठरत नसे.

मार्च १८९४ मध्ये कलकत्त्यात कट्टल बागान नावाच्या वस्तीत कॉलरा लागला. दोन तळ्यांभोवती सुमारे २०० माणसं राहत होती. वस्ती एकच, गरिबीही एकच. त्यांतल्या ११६ जणांनी लस घेतली, बाकीच्यांनी घेतली नाही. त्यानंतर वस्तीत कॉलऱ्याचे जे नवे रुग्ण निघाले ते सगळेच्या सगळे लस न घेतलेल्या घोळक्यातले निघाले.

इथे लस न घेतलेले लोक कामाला आले. तेच नसते तर घेतलेल्यांचं काही सांगता आलं नसतं. साथ आपोआप ओसरली असंही कुणी म्हणू शकलं असतं. यालाच पुस्तकात नियंत्रित गट म्हणतात. ज्यांच्यावर आपण काहीच करत नाही, फक्त बाकी सगळं सारखं ठेवून पाहत राहतो, तो हा गट. आमच्या मुलाची दुसरी कुंडी म्हणजे नियंत्रित गट व्हायला हवा होता. झाली नाही, कारण ती मोरीजवळ होती.

मुंबईत मरीचं आगमन

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचा रोगी ओळखला. मुंबईत प्लेग आला होता. गोदीजवळची धान्याची गोदामं, मेलेले उंदीर, दाटीवाटीच्या चाळी. थोड्याच दिवसांत लोक गाठोडी बांधून स्टेशनांकडे निघाले. सरकारनं हाफकिन यांना ऑक्टोबरमध्ये मुंबईत बोलावलं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला, हाताशी एक कारकून आणि तीन शिपाई. हीच त्यांची प्रयोगशाळा.

लसीसाठी प्लेगचे जंतू मोठ्या प्रमाणात वाढवायचे, मग उष्णतेनं मारायचे आणि ते मेलेले जंतू टोचायचे, असा बेत होता. जंतू वाढवायला मांसाचं सूप लागतं. युरोपात त्यासाठी सर्रास गोमांस वापरत. इथे हिंदूंना ते चालणार नाही, आणि डुकराचा अंश मुसलमानांना चालणार नाही, हे ओळखून त्यांनी बकऱ्याच्या मांसाचा रस वापरला. त्यावर तुपाचे थेंब सोडले. तुपाला धरून जंतू खाली लोंबत वाढत, भांडं हलवलं की तळाशी बसत, पुन्हा नवे वाढत. ज्या माणसानं स्वतःच्या धर्मासाठी नोकरी सोडली होती, त्याला दुसऱ्याच्या धर्माची कदर कशी करायची हे वेगळं शिकवावं लागलं नाही, असं आम्हाला वाटतं.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पुन्हा पहिली सुई स्वतःला टोचून घेतली, आणि तीही नेहमीच्या मात्रेपेक्षा मोठी. सडकून ताप आला, उतरला. पण खरा प्रश्न अजून बाकीच होता.

भायखळ्याचा तुरुंग

जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैदी दिवसागणिक आजारी पडू लागले. ३० जानेवारीला कैद्यांना लसीची माहिती देऊन कोण तयार आहे ते विचारण्यात आलं. जवळपास निम्म्या कैद्यांनी हात पुढे केला. बाकीच्यांना तसंच राहू दिलं.

तुरुंगच का, हे मुलांना समजावताना आम्ही फळ्यावर दोन रकाने आखतो. जेवण : सारखं. पाणी : सारखं. बराकी : सारख्या. काम, झोपेची वेळ, बाहेर जाण्याची बंदी : सगळं सारखं. फरक फक्त एक, सुई घेतली की नाही. जी गोष्ट आपण मुद्दाम बदलतो ती स्वतंत्र चल. इथे सुई. तिच्यामुळे जे बदलतं आणि आपण मोजतो ते अवलंबी चल. इथे आजारी आणि मृत यांची संख्या. आणि ज्या गोष्टी दोन्हीकडे सारख्या ठेवायच्या त्या नियंत्रित चल. उर्दू माध्यमाच्या मुलांना चल म्हटल्यावर काही कळत नाही, मुतग़य्यर म्हटलं की तग़य्युर आठवतो आणि डोक्यात प्रकाश पडतो. बदलणारी गोष्ट, बस.

आता आकडे पाहा. सुई न घेतलेले कैदी रोज सरासरी १७२ होते. त्यांच्यात १२ जणांना प्लेग झाला, ६ दगावले. सुई घेतलेले १४७ होते. त्यांच्यात २ जणांना झाला, एकही दगावला नाही. सुई न घेतलेल्यांच्या हिशोबानं १४७ माणसांत साधारण १० जण आजारी पडायला हवे होते. पडले दोन.

काही जणांना सुई घेतली त्याच दिवशी गाठ दिसली. त्यांच्या अंगात आजार आधीच शिरलेला होता, म्हणून त्यांना या हिशोबात धरलं नाही. वर्गात यावर चांगला वाद होतो. एक मूल म्हणतं हे बरोबर, लसीला काम करायला वेळच मिळाला नाही. दुसरं म्हणतं मग नको असलेले आकडे कुणीही वगळेल. आम्ही म्हणतो दोघंही बरोबर आहात. म्हणूनच कुणाला मोजायचं आणि कुणाला नाही हा नियम आधी ठरवायचा असतो, निकाल पाहून नाही.

आणखी एक खोट आहे, ती आठवीच्या एका मुलीनं काढली. हात पुढे करणारे कैदी कदाचित आधीच धडधाकट असतील, स्वतःची जास्त काळजी घेणारे असतील. मग फरक सुईचा की माणसांचा? प्रश्न रास्त आहे. पुढच्या वर्षी, १८९८ च्या सुरुवातीला, उमरखाडीच्या तुरुंगात यावर उत्तर शोधलं गेलं. कैद्यांना ओळीनं बसवलं आणि एकाआड एक सुई दिली. कोण कुठे बसला एवढ्यावरच निवड ठरली, कुणाच्या मर्जीवर नाही. तिथेही सुई घेतलेल्यांत कुणी दगावलं नाही, न घेतलेल्यांत मृत्यू झाले.

एक गोष्ट मुलांपासून आम्ही लपवत नाही. कैदी खरोखर मोकळेपणानं हो किंवा नाही म्हणू शकतो का? तुरुंगात बसलेल्या माणसाच्या संमतीला किती अर्थ असतो? आज असा प्रयोग या पद्धतीनं करू देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे.

खोजा जमात आणि मझगावचा वाडा

तुरुंगातले आकडे साहेबांना पटले असतील. चाळीतल्या माणसाला कसे पटावेत? त्या काळात प्लेगच्या नावाखाली घरांच्या झडत्या होत होत्या. आजारी माणसाला, बाईला, लेकराला उचलून रुग्णालयात नेत. पुण्यात याच जुलमाच्या रागातून जून १८९७ मध्ये रँड साहेबाचा खून झाला. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्याच्या आसपास जुलाहे, म्हणजे आपले मोमीन विणकर, रस्त्यावर उतरले, कारण प्लेगची माणसं एका घरातल्या आजारी मुलीला न्यायला आली होती. गोळीबार झाला, माणसं मेली. अशा वातावरणात गोऱ्या सरकारचा डॉक्टर सुई घेऊन दारात आला तर लोक दार बंद करणारच. त्यांना नुसतं अडाणी म्हणून मोकळं होणं आम्हाला पटत नाही. ज्या हातानं कालपरवा घर उपसलं, त्याच हातातली सुई आज भली कशी समजायची?

अशा वेळी खोजा जमातीचे इमाम सर सुलतान मुहम्मद शाह, तिसरे आगाखान, पुढे आले. वय विशीच्या आसपास. त्यांनी हाफकिन यांचं काम समजून घेतलं आणि आपल्या लोकांदेखत स्वतः सुई घेतली, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. मझगावमधला आपला खुश्रू लॉज हा मोठा वाडा त्यांनी प्रयोगशाळेसाठी दिला. त्यांचं पाहून हजारो खोजा बायका-पुरुषांनी लस घेतली. जमातीत घेतलेले किती आणि न घेतलेले किती याची मोजदाद होती, त्यामुळे तुलना करता आली. इथेही फरक उघड दिसला.

एक ज्यू शास्त्रज्ञ, एक मुसलमान इमाम, बकऱ्याच्या मांसाचा रस आणि तूप. मुंबईच्या इतिहासातलं हे पान शाळेच्या पुस्तकात आलं असतं तर किती बरं झालं असतं.

दमण आणि उंढेरा

मुंबईच्या उत्तरेला पोर्तुगीजांच्या दमणमध्ये १८९७ साली प्लेगनं हाहाकार केला. तिथे लस न घेतलेल्या ६,०३३ लोकांपैकी १,४८२ मेले, म्हणजे शंभरात जवळपास २५. लस घेतलेल्या २,१९७ पैकी ३६ मेले, म्हणजे शंभरात दोनसुद्धा नाहीत.

आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण आता तुम्ही खिडकी आणि मोरी विसरू नका. दमणमध्ये लस घेणारे आणि न घेणारे एकाच घरातले होते का? घेणारे कदाचित खाऊनपिऊन सुखी असतील, हवेशीर घरात राहत असतील. न घेणाऱ्यांपैकी काही जण लस पोहोचण्याआधीच गेले असतील. मोठा आकडा म्हणजे चांगला पुरावा असं नाही.

म्हणून आम्हाला सर्वांत जवळचा वाटतो तो बडोद्याजवळच्या उंढेरा या छोट्याशा गावातला प्रयोग. फेब्रुवारी १८९८. गावात प्लेग सुरू झाला होता. गायकवाड सरकारच्या अधिकाऱ्यांसमोर गावाची यादी केली आणि एकेक कुटुंब बोलावलं. प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली, निम्म्यांना नाही. एकच छप्पर, एकच चूल, एकच रांजण. श्रीमंताच्या घरातही दोन गट, गरिबाच्या घरातही दोन गट. घराघरातला फरक असा आपोआप निघून गेला.

पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांतल्या लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ मेले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ मेले. न घेतलेल्यांसारखंच झालं असतं तर या ७१ मधून २९ जनाजे किंवा तिरड्या उठल्या असत्या. उठल्या तीन.

हे आकडे फळ्यावर लिहिताना आमचा हात दर वेळी अडखळतो. ती २६ माणसं कुणाची तरी आई, कुणाचा तरी मुलगा होती. त्यांना सुई मिळाली असती तर बहुतेक वाचली असती, हे आज आपल्याला माहीत आहे. तेव्हा ते खात्रीनं माहीत नव्हतं, म्हणून तर पाहायचं होतं. नियंत्रित गट हा शब्द पुस्तकात कोरडा वाटतो. पण त्या गटात माणसं असतात आणि त्यांचं आपल्यावर कर्ज असतं.

लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, हेही याच आकड्यांत दिसतं. सरकारनं नेमलेल्या प्लेग आयोगानंही हेच सांगितलं : लसीनं आजार आणि मृत्यू कमी होतात, पण हमी नाही, आणि काही ठिकाणच्या नोंदी कच्च्या आहेत. हाफकिन यांच्या बाजूनं बोलतानाही हे लपवायचं कारण नाही. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली आणि तिथून लाखो बाटल्या देशभर जाऊ लागल्या.

एका बाटलीचा घोर

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल गाव, आता पाकिस्तानात. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली. काही दिवसांत त्यांपैकी १९ जण धनुर्वातानं मेले.

चौकशी बसली. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांनी लस निर्जंतुक करण्याच्या पद्धतीत बदल केला होता, त्यानंच बाटलीत धनुर्वाताचे जंतू राहिले असं ठरवण्यात आलं. त्यांना पदावरून दूर केलं गेलं. ज्या माणसानं दोनदा स्वतःच्या अंगावर प्रयोग केला तो जगापुढे निष्काळजी ठरला. ज्यू असल्याचा आकस यात होता, असं नंतर अनेकांनी लिहिलं आहे.

पण मुल्कोवालचा उलगडाही याच धड्यात होता. गेलेले १९ च्या १९ जण एकाच बाटलीतून लस घेतलेले. त्याच दिवशी, त्याच गावात, दुसऱ्या बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांपैकी एकालाही धनुर्वात झाला नाही. हा नकळत तयार झालेला नियंत्रित गट. मग विचारायचं ते हे : त्या एका बाटलीच्या बाबतीत काय वेगळं घडलं? कागद नीट पाहिल्यावर दिसलं की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. जमिनीच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. बाटली उघडल्यावर वास घेतला होता, तेव्हा दुर्गंधीही नव्हती. जंतू परळपासून आत असते तर तोवर वाढून लस नासली असती.

डासांमुळे मलेरिया पसरतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ यांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून ही बाजू मांडली. लंडनच्या लिस्टर संस्थेनंही कागद तपासून हाच निर्वाळा दिला. त्याच वर्षी सरकारनं हाफकिन यांना पुन्हा कामावर घेतलं. पण परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्यात काही वर्षं काम करून ते निवृत्त झाले आणि युरोपात परतले. शेवटची वर्षं त्यांनी धर्माचरणात आणि ज्यू मुलांच्या धार्मिक शिक्षणाला मदत करण्यात घालवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये त्यांचं निधन झालं. लग्न केलं नव्हतं. त्याआधी पाच वर्षं, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव देण्यात आलं होतं. १९६४ मध्ये भारत सरकारनं त्यांचं टपाल तिकीट काढलं.

आपल्या घरात

उर्दूत तजरबा या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, अनुभव आणि प्रयोग. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत, आणि या बाबतीत मराठीचं आम्हाला पटतं. दादीचा तजरबा असतो की अमुक काढ्यानं ताप उतरतो. तो अनुभव आहे, त्याची कदर करावी. पण काढा न घेताही तापानं तीन दिवसांत उतरायचंच होतं का, हे त्यातून कळत नाही. ते कळायला दुसरी कुंडी लागते.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली, तेव्हा आमच्या ओळखीच्या एका घरात बोलणं चाललं होतं की आमच्या मोठ्या मुलाला टोचलं नव्हतं, त्याला काही झालं नाही, मग धाकटीला कशाला? हे म्हणणारे अब्बू वाईट नव्हते, घाबरलेले होते. आम्ही तिथे व्याख्यान दिलं नाही. भायखळ्याचे आकडे सांगितले. तिथल्या सुई न घेतलेल्या १७२ कैद्यांपैकी १६० जणांना प्लेग झालाच नव्हता. त्यांतला प्रत्येक जण म्हणू शकला असता की मी नाही घेतली, मला कुठे काय झालं? तरी लस खरीच होती. एका माणसाकडे पाहून हे दिसत नाही, दोन गट शेजारी ठेवले की दिसतं. अब्बू बराच वेळ गप्प होते. दुसऱ्या आठवड्यात धाकटीला घेऊन ते पालिकेच्या दवाखान्यात गेले.

आणि मेथीचं सांगायचं राहिलं. त्या मुलाला आम्ही बोलावून सांगितलं की चूक तुझ्याआधी आमची आहे, आम्ही पाहायला हवं होतं. बक्षीस काढून घेतलं नाही, पण प्रयोग पुन्हा करायला लावला. या वेळी प्रश्न विचारणारी ती मुलगीही सोबत. वीस सारख्या वाट्या, एकाच पिशवीतली माती, प्रत्येकीत मोजून दहा दाणे. चिठ्ठ्या टाकून ठरवलं की कुठल्या दहा वाट्यांना तांदळाचं पाणी आणि कुठल्या दहांना नळाचं. सगळ्या एकाच खिडकीत, पाणी चमच्यानं मोजून, आणि रोज वाट्यांच्या जागा बदलायच्या. उंची मोजणाऱ्याला कुठली वाटी कसली ते सांगायचं नाही, म्हणजे मन फसवणार नाही.

पंधरा दिवसांनी दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. मुलगा खट्टू झाला. त्याला वाटलं प्रयोग फसला. आम्ही त्याला म्हटलं की बाबा, पहिला फसला होता, हा जमलाय.

यंदाच्या प्रदर्शनात तुमची मुलं काही मांडणार असतील तर तक्त्याच्या रंगाआधी एवढं विचारा : दुसरी कुंडी कुठे आहे, आणि तिच्यात सुईएवढाच फरक आहे ना? एखाद्या रविवारी परळच्या बाजूला गेलात तर त्या जुन्या इमारतीचं नावही मुलांना दाखवा. कोण होते ते, आता घरातलं कुणीतरी सांगू शकेल.